इंटरनेट नसतानाही एका मेसेजवर मोबाईल चालवा : एसएमएसने मोबाईल नियंत्रण, सोप्या मराठीत



आज शिक्षकाचा मोबाईल म्हणजे अर्धी शाळाच असते. हजेरी त्यात, पोषण आहाराची रोजची नोंद त्यात, यू-डायस प्लस भरताना येणारे ओटीपी त्यात, पालकांचे ग्रुप त्यात आणि पगाराचं बँक खातंही त्यातच. घरी पाहिलं तर आईच्या एकाच फोनवर दोन मुलांचा अभ्यास आणि घरातला गॅस नोंदणीपासूनचा सगळा कारभार चालतो. असा फोन हरवला किंवा नुसता सायलेंटवर असताना कुठेतरी राहिला, तरी सगळं अडतं.

"गूगलवरून शोधा ना" असं कुणीही सांगतं. पण त्यासाठी बहुतेक वेळा हरवलेल्या फोनचं इंटरनेट चालू असावं लागतं. आपल्याकडे वाडी-वस्तीवर आणि घाटात इंटरनेटची रेंज जाते, पण साधा मेसेज पोहोचतो. कुणाचा डेटा पॅक दुपारीच संपतो, तर कुणी बॅटरी वाचवायला डेटा बंदच ठेवतं. अशा वेळी जुना साधा एसएमएस कामाला येतो. ठरवलेला एक मेसेज पाठवला की सायलेंटवरचा फोन मोठ्याने वाजेल आणि आपण कुठे आहोत तेही मेसेजने कळवेल, अशी सोय आपल्याला घरबसल्या करता येते. तीही फुकटात.

या लेखात ती सोय कशी करायची ते पायरी पायरीने पाहू. त्याचबरोबर तिच्या मर्यादा आणि धोकेही पाहू, कारण इथे धोक्याचा भाग सेटिंगइतकाच महत्त्वाचा आहे. तो वगळून नुसत्या पायऱ्या करू नका, ही सुरुवातीलाच विनंती.

एसएमएसच का?

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला. नाताळच्या शुभेच्छांचा तो मेसेज संगणकावरून मोबाईलवर गेला होता. तीस वर्षं उलटून गेली तरी ही सेवा टिकून आहे, त्याची कारणं साधी आहेत.

१. एसएमएसला डेटा पॅक लागत नाही. फोन टॉवरच्या संपर्कात असला की पुरे.

२. आपण पाठवलेला मेसेज थेट समोरच्या फोनवर जात नाही. तो आधी मोबाईल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. समोरचा फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर केंद्र तो काही काळ सांभाळून ठेवतं आणि फोन रेंजमध्ये आला की पोहोचवतं. पोस्टमन दाराला कुलूप पाहून पत्र परत नेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तसंच हे.

३. एसएमएस अगदी छोटा असतो. एका मेसेजमध्ये फक्त १४० बाइट बसतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १४० गुणिले ८ भागिले ७ बरोबर १६० अक्षरं. देवनागरी अक्षराला २ बाइट लागतात, म्हणून ७० अक्षरं. मराठीत मेसेज लिहिला की तो लवकर "भरतो" त्याचं कारण हेच. सातवीच्या मुलांना हा हिशेब घालून पाहा, आवडीने करतात.

आपल्या शिवारातलं उदाहरण

ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. शेतात विहिरीवरच्या मोटारीला लावलेला मोबाईल स्टार्टर तुम्ही पाहिला असेल. त्या पेटीत एक सिमकार्ड असतं. शेतकरी घरून त्या नंबरवर कॉल किंवा ठरलेला मेसेज करतो आणि मोटार चालू होते. लाईट आली-गेली की पेटी उलट कळवते. रात्री-अपरात्री वीज आली म्हणून अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जायची पायपीट या पेटीमुळे वाचली.

त्या पेटीत तीन गोष्टी आहेत. ओळखीचा नंबर, ठरलेला हुकूम आणि ठरलेलं काम. अनोळखी नंबरवरून हुकूम आला तर पेटीने तो मानायचा नाही. आपल्याला आपल्या मोबाईलमध्ये नेमकं हेच करायचं आहे. विहिरीवरची पेटी समजली असेल तर पुढचं सगळं समजेल.

आधी हे करा : गूगलची सोय चालू ठेवा

एसएमएसची सोय ही गूगलच्या सोयीला जोड आहे, तिच्या ऐवजी नाही. म्हणून आधी फोनच्या सेटिंगमध्ये "गूगल" या भागात जाऊन "फाइंड हब" चालू आहे का पाहा. याचंच आधीचं नाव "फाइंड माय डिव्हाइस" होतं, २०२५ मध्ये ते बदललं. हे चालू असेल आणि फोनला इंटरनेट असेल, तर दुसऱ्या कुठल्याही फोनवरून आपल्या गूगल खात्याने फोन शोधता येतो, लॉक करता येतो, त्यातली माहिती पुसता येते. सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं वाजवताही येतो.

जवळच्याच भागात चोरीपासून संरक्षणाची सेटिंगं आहेत. त्यातलं "रिमोट लॉक" चालू करून ठेवा. मग फक्त आपला मोबाईल नंबर टाकून दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमधून फोनची स्क्रीन लॉक करता येते. यालाही इंटरनेट लागतं हे लक्षात ठेवा.

आता जिथे इंटरनेट नाही, तिथल्या सोयीकडे वळू.

लागणारं साहित्य

- एक अँड्रॉइड फोन, ज्यावर सोय करायची आहे. त्यात चालू सिमकार्ड हवं.
- घरातल्या विश्वासू माणसाचा दुसरा फोन, ज्यावरून हुकूम जाईल. साधा बटणाचा फोनही चालतो.
- प्ले स्टोअरवरचं "मॅक्रोड्रॉइड" हे अॅप. मोफत आवृत्तीत जाहिराती दिसतात आणि पाच मॅक्रो करता येतात. आपल्याला दोनच लागणार आहेत.
- साधारण अर्धा तास वेळ आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी.

अॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. कुणी व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली तर तिच्यावरून इन्स्टॉल करू नका. का, ते पुढे येईल.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एक ओळ : तिथे "शॉर्टकट्स" अॅपमध्ये "ऑटोमेशन" आणि मग "मेसेज" निवडून असाच नियम बनवता येतो. पुढच्या पायऱ्या मात्र अँड्रॉइडच्या आहेत.

मॅक्रो म्हणजे "जर-तर"

मॅक्रो हा शब्द ऐकून घाबरू नका. मॅक्रो म्हणजे फोनला दिलेलं एक जर-तरचं वाक्य. व्याकरणात आपण मुलांना संकेतार्थ शिकवतो तसंच. "जर पाऊस आला तर मी छत्री उघडेन." अॅपमध्ये या वाक्याचे तीन भाग दिसतात.

- लाल रंगाचा "ट्रिगर" : म्हणजे "जर". कोणती घटना घडली तर?
- निळ्या रंगाचा "अॅक्शन" : म्हणजे "तर". मग फोनने काय करायचं?
- हिरव्या रंगाचा "कन्स्ट्रेंट" : म्हणजे अट. कोणत्या परिस्थितीतच करायचं? उदाहरणार्थ, फक्त संध्याकाळी. ही अट ऐच्छिक आहे, आज आपण ती रिकामी ठेवू.

आपली दोन वाक्यं अशी :

जर घरच्या नंबरवरून पहिला कोड आला, तर आवाज पूर्ण वाढव आणि वाजत राहा.

जर घरच्या नंबरवरून दुसरा कोड आला, तर तू कुठे आहेस ते घरच्या नंबरला मेसेजने कळव.

कोड कसा निवडायचा?

कोड आठ आकडी ठेवा आणि फक्त आकड्यांचा ठेवा. यामागे कारणं आहेत.

एक, बटणाच्या फोनवरूनही तो पाठवता येतो. आजोबांनाही जमतो. दोन, शब्दांमध्ये स्पेलिंगच्या, लहान-मोठ्या अक्षरांच्या चुका होतात, आकड्यांत होत नाहीत. तीन, ओटीपी बहुधा चार किंवा सहा आकडी असतात, म्हणून आठ आकडी कोडचा त्यांच्याशी गोंधळ होत नाही.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याला "४" आणि इंग्रजी चार हे दोन्ही चारच वाटतात, पण फोनच्या दृष्टीने ती दोन वेगळी चिन्हं आहेत. अॅपमध्ये कोड मराठी आकड्यांत टाकला आणि मेसेज इंग्रजी आकड्यांत पाठवला तर फोन ढिम्म हलणार नाही. म्हणून दोन्हीकडे इंग्रजी आकडेच टाका. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, पण फोनमध्ये टाकताना इंग्रजी आकडे वापरायचे. कोडमध्ये तारांकन किंवा प्रश्नचिन्हही नको, कारण अॅपमध्ये या चिन्हांना "इथे काहीही चालेल" असा विशेष अर्थ असतो.

मोबाईल नंबर, जन्मतारीख, शाळेचा यू-डायस क्रमांक, लग्नाचा वाढदिवस यातलं काहीही कोड म्हणून नको. हे सगळं दुसऱ्यांना माहीत असतं. दोन कामांना दोन वेगळे कोड ठेवा, कागदावर लिहा आणि तो कागद घरच्या कपाटात ठेवा. मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवू नका!

पहिला मॅक्रो : सायलेंटवरचा फोन वाजवणे

अॅपच्या आवृत्तीनुसार नावं किंवा जागा थोड्या इकडे-तिकडे असू शकतात. क्रम मात्र हाच.

पायरी १ : मॅक्रोड्रॉइड उघडा. "अॅड मॅक्रो" दाबा. वर मॅक्रोला नाव द्या, उदाहरणार्थ "फोन वाजव".

पायरी २ : लाल भागातल्या अधिक चिन्हावर दाबा. कॉल आणि एसएमएसच्या गटात जाऊन "एसएमएस रिसीव्हड" निवडा. अॅप मेसेज वाचण्याची परवानगी मागेल. ती द्या.

पायरी ३ : मेसेज कुणाकडून आला पाहिजे असं विचारेल. इथे "कुणीही" निवडायचं नाही. संपर्कातून फक्त घरच्या माणसाचा नंबर निवडा. हीच आपल्या पेटीची "ओळखीचा नंबर" ही अट.

पायरी ४ : मजकुराच्या जागी आपला आठ आकडी कोड टाका आणि मजकूर हुबेहूब जुळला तरच, असा पर्याय ठेवा.

पायरी ५ : आता निळ्या भागात या. आवाजाच्या गटातून "व्हॉल्यूम चेंज" निवडा. रिंगटोन, मीडिया आणि अलार्म तिन्ही शंभर टक्क्यांवर न्या. "डू नॉट डिस्टर्ब"ची परवानगी मागितली तर द्या, नाहीतर फोन सायलेंटमधून बाहेर येणार नाही.

पायरी ६ : पुन्हा निळ्या भागात अधिक चिन्ह दाबून मीडियाच्या गटातून "प्ले साउंड" निवडा. एखादी लांब वाजणारी, कर्कश धून निवडा. आवाज कोणत्या प्रकारात वाजवायचा असं विचारलं तर "अलार्म" निवडा.

पायरी ७ : त्याखाली एक-दोन मिनिटं थांबण्याची अॅक्शन जोडा आणि मग "स्टॉप साउंड" जोडा. नाहीतर बाईंचा फोन कपाटात आणि बाई दुसऱ्या वर्गात, असं असताना पूर्ण धून संपेपर्यंत शाळा डोक्यावर घेतली जाईल.

पायरी ८ : सेव्ह करा. झाला आपला पहिला मॅक्रो.

दुसरा मॅक्रो : ठिकाण कळवणे

पहिल्या चार पायऱ्या तशाच, फक्त कोड दुसरा. मग निळ्या भागात :

पायरी ५ : लोकेशनच्या गटातून "फोर्स लोकेशन अपडेट" जोडा. यामुळे फोन जुनं ठिकाण सांगण्याऐवजी नवं ठिकाण शोधतो.

पायरी ६ : त्याच गटातून "शेअर लोकेशन" निवडा आणि पाठवण्याचा मार्ग म्हणून एसएमएस ठेवा. नंबर विचारेल तेव्हा घरचा नंबर पक्का टाका. उत्तर कायम याच नंबरवर जाईल असं ठेवणं सर्वांत सुरक्षित.

पायरी ७ : फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मॅक्रोड्रॉइडला लोकेशनची परवानगी "नेहमी" अशी द्या. "अॅप वापरताना" एवढीच दिली तर फोन खिशात असताना ठिकाण मिळणार नाही.

उत्तरात येणारा मेसेज म्हणजे अक्षांश आणि रेखांश असलेली नकाशाची लिंक असते. ती स्मार्टफोनवर उघडली की नकाशात ठिपका दिसतो. बटणाच्या फोनवर उत्तर आलं असेल तर ते आकडे कागदावर लिहून दुसऱ्या फोनच्या नकाशात टाकायचे. पाचवी-सहावीत अक्षांश-रेखांश शिकवताना याहून जिवंत उदाहरण शोधून सापडणार नाही.

उत्तर पाठवायला आपल्या सिमवर एसएमएस जाण्याची सोय हवी. रिचार्ज संपला असेल तर उत्तर जाणार नाही.

चाचणी घ्या, तीन वेळा

सेटिंग केलं आणि विसरलं, असं करू नका. परीक्षेआधी सराव तसा इथेही.

चाचणी १ : फोन समोर टेबलावर, स्क्रीन चालू. घरच्या फोनवरून कोड पाठवा.

चाचणी २ : फोन सायलेंटवर, स्क्रीन लॉक, डेटा आणि वायफाय दोन्ही बंद. तासाभराने कोड पाठवा. खरी परीक्षा हीच.

चाचणी ३ : तिसऱ्याच माणसाच्या फोनवरून तोच कोड पाठवा. या वेळी काहीही व्हायला नको. काही झालं तर पायरी ३ चुकली आहे.

चाललं नाही तर कुठे पाहायचं?

मॅक्रो आपल्या फोनवर लगेच चालला आणि शेजारच्या सरांच्या फोनवर चालत नाही, असं होतं. बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक कारण असतं.

बॅटरी बचत : अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅप झोपवून टाकतात. मॅक्रोड्रॉइडसाठी बॅटरीचं बंधन काढा आणि "ऑटोस्टार्ट" असा पर्याय असेल तर चालू करा. चाचणी १ चालते आणि चाचणी २ चालत नाही, तर कारण हेच समजा.

चॅट मेसेज : ही अडचण फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही फोनवर गूगल मेसेजेस असेल आणि त्यात आरसीएस चॅट चालू असेल, तर मेसेज एसएमएस म्हणून न जाता इंटरनेटवरून चॅट म्हणून जातो. दिसायला तो एसएमएससारखाच दिसतो, पण मॅक्रोसाठी तो एसएमएस नसतो. म्हणून हुकूम पाठवणाऱ्या फोनवर आरसीएस चॅट बंद करा. बटणाच्या फोनला हा प्रश्नच नाही.

दोन सिम : हुकूम नेमका कोणत्या सिमच्या नंबरवर पाठवायचा आणि पाठवणाऱ्या फोनवरून कोणत्या सिमने जातो, हे पक्कं करा. घरच्या माणसाचे दोन नंबर असतील तर दोन्ही निवडून ठेवा.

लोकेशन बंद : फोनचं लोकेशनच बंद असेल तर ठिकाण मिळणार नाही. नव्या अँड्रॉइडमध्ये साधं अॅप स्वतःहून लोकेशन चालू करू शकत नाही. ते चालू ठेवण्याची सवय आपल्यालाच लावावी लागते.

फोन रीस्टार्ट झालेला : फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिन टाकून उघडेपर्यंत बहुतेक अॅप सुरूच होत नाहीत. त्या काळात मॅक्रो चालत नाही.

ही सोय काय करू शकत नाही?

हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर खोटा धीर मिळतो. फोन बंद असेल, बॅटरी संपली असेल, सिम काढून टाकलं असेल किंवा वर सांगितल्याप्रमाणे रीस्टार्ट झाला असेल, तर एसएमएसचा हुकूम निष्फळ. सराईत चोर पहिल्या पाच मिनिटांत फोन बंद करतो. म्हणजे ही सोय मुख्यतः हरवलेल्या, विसरलेल्या, सायलेंटवर राहिलेल्या फोनसाठी आहे. एसटीत सीटखाली पडलेला, प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये राहिलेला, गोठ्यात गवतात हरवलेला फोन यातून सापडू शकतो. चोरी झालेल्या फोनसाठी वेगळी पावलं आहेत, ती खाली दिली आहेत.

सर्वांत महत्त्वाचं : मेसेज वाचण्याची परवानगी म्हणजे घराची किल्ली

आपण वर एका अॅपला मेसेज वाचण्याची परवानगी दिली. थोडं थांबून विचार करा. बँकेचा ओटीपी कुठे येतो? मेसेजमध्येच. म्हणजे जे अॅप "कोड आला का?" हे पाहू शकतं, ते ओटीपीही पाहू शकतं. ज्या अॅपला मेसेज पाठवताही येतो, ते ओटीपी दुसऱ्याला पाठवूही शकतं.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या बनावट फाइल्सचा धंदा नेमका यावरच चालतो. कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी वाहनाच्या दंडाची पावती म्हणून, कधी शेतकरी योजनेची यादी म्हणून एक फाइल येते. नावाच्या शेवटी "एपीके" असतं. दाबली की ती पत्रिका नसून अॅप असतं. ते मेसेजची परवानगी मागतं, आपण घाईत "अलाऊ" दाबतो आणि त्यानंतर आपले ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जाऊ लागतात. आपण या लेखात जे जर-तर आपल्या सोयीसाठी केलं, तेच जर-तर ठग आपल्या नकळत करतो. "जर बँकेचा मेसेज आला तर मला पाठव."

म्हणून हे नियम पाळा आणि पालकसभेत सांगा.

- मेसेजची परवानगी देताना एकच प्रश्न विचारा : या अॅपला मेसेज कशाला लागतात? टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या अॅपला नक्कीच लागत नाहीत.
- महिन्यातून एकदा सेटिंगमधल्या परवानग्यांच्या यादीत जाऊन "एसएमएस" उघडा. कोणकोणती अॅप आहेत ते पाहा. अनोळखी दिसलं तर परवानगी काढा आणि अॅप उडवा.
- मॅक्रोड्रॉइडमध्ये दुसऱ्याने बनवलेले तयार मॅक्रो उतरवून घेता येतात. मेसेजशी संबंधित मॅक्रो मात्र स्वतःच बनवा.
- ज्या फोनवर मोठ्या रकमेचं खातं आहे, तिथे ही सोय करावी की नाही हा निर्णय विचार करूनच घ्या. "गूगलची सोय पुरेशी आहे, मला दुसरी नको" हा निर्णयही शहाणपणाचाच आहे.
- पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्याच्या फोनवर? विचारूनच

हा भाग पालकांसाठी खास. "मुलीच्या फोनवर गुपचूप करून ठेवता येईल का?" असा प्रश्न येणारच. तांत्रिक उत्तर सोपं आहे, पण योग्य उत्तर "नाही" असंच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रणेत शिरणं गुन्हा ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट किंवा इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवण्याला पाठलागाचा गुन्हा मानतं. बायकोच्या, बहिणीच्या, सहकारी शिक्षिकेच्या फोनवर "काळजीपोटी" असं काही करणाऱ्याने हे वाचून ठेवावं.

मुलांच्या बाबतीत कायद्याच्या आधी नातं येतं. मूल लहान असेल तर त्याच्यासमोर बसून, त्याच्याच हाताने सेटिंग करून घ्या. "बाळा, तू घाटात अडकलास आणि रेंज नसली तरी आम्हाला कळेल, म्हणून हे. आणि माझ्या फोनवर पण तूच करून दे." दोन्ही बाजूंनी असलं की ती पाळत राहत नाही, ती एकमेकांची काळजी होते. चोरून केलेलं मुलांना आज ना उद्या कळतंच. त्या दिवशी फोन सापडेल, पण मुलाचा विश्वास हरवलेला असेल.

वयस्कर आई-वडिलांसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा, होकार घ्या आणि मग करा.

फोन खरंच चोरीला गेला तर

१. आजच फोनवर *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतील. दोन्ही वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर हा नंबर शोधणं कठीण जातं.

२. चोरी झाल्यावर लगेच मोबाईल कंपनीला कळवून सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय बंद करा.

३. पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या.

४. सरकारच्या "संचार साथी" पोर्टलवर जाऊन आयएमईआय ब्लॉक करा. हे पोर्टल मे २०२३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ब्लॉक केलेला फोन देशातल्या कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. फोन सापडला तर तिथूनच पुन्हा चालू करता येतो.

५. जुना फोन विकत घेणाऱ्यांसाठी : केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय नंबर, असा मेसेज इंग्रजीत लिहून १४४२२ वर पाठवला की त्या फोनची माहिती येते. म्हणजे एसएमएस इथेही आहेच.

आणखी एक सवय लावा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं सेटिंग करा. नाहीतर फोन लॉक असला तरी चोराला ओटीपी बाहेरूनच वाचता येतो.

वर्गात कसं घ्याल?

मोबाईल न वापरताही यावर छान तासिका होते. चौथीपासून पुढे चालेल.

वर्गातला एक विद्यार्थी "फोन" होतो. त्याच्या कानात तीन गोष्टी सांगा : कुणाचा हुकूम मानायचा, कोणता शब्द आल्यावर मानायचा आणि काय करायचं. उदाहरणार्थ, "फक्त सलमाने 'कैरी' म्हटलं तर टाळ्या वाजव." मग बाकीची मुलं वेगवेगळे शब्द सांगून पाहतात. कुणी "कैरी" म्हणतं, पण ती सलमा नसते. सलमा "आंबा" म्हणते, पण तो शब्द नसतो. "फोन" गप्प. शेवटी सलमा "कैरी" म्हणते आणि टाळ्या वाजतात. मग मुलांना विचारा, दोन्ही अटी का लागल्या? एकच असती तर काय झालं असतं? उत्तरं मुलं स्वतः शोधतात. जर-तर, "आणि" हे उभयान्वयी अव्यय, परवलीचा शब्द आणि सुरक्षितता, एका खेळात चार धडे.

त्याच दिवशी गृहपाठ द्या : घरातल्या मोठ्यांच्या मदतीने घरच्या फोनचा आयएमईआय नंबर कागदावर लिहा आणि कागद घरीच जपून ठेवा. शाळेत आणायचा नाही, कारण तो नंबर खासगी आहे. मुलांनी बाईंना फक्त "लिहिला" एवढंच सांगायचं. चाळीस पटाच्या वर्गात चाळीस घरांची एक तयारी त्या एका संध्याकाळी होते.

तुम्ही ही सोय करून पाहिलीत तर चाचणी २ चा निकाल आणि फोनचं मॉडेल खाली नक्की लिहा. कोणत्या फोनवर कोणतं सेटिंग लागलं ते इतर शिक्षकांना उपयोगी पडेल. कोड मात्र लिहू नका!